वारा फिरला, कापडं काढा

बर्फ बघायला मी गेलेच नव्हते. वडिलांना बर्फ दाखवायला गेले होते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मनालीचं नाव काढलं की शाळेतल्या बाया एकमेकींकडं बघून हसतात आणि मग मला उगाच राग येतो. माझ्यासोबत आमचे हे नव्हते, त्यांना रजा मिळाली नाही. सोबत होते अण्णा, अण्णांचा दमा, दम्याचे पंप आणि एका पिशवीत ज्वारीचं पीठ.

अण्णांची परळीत लॉन्ड्री आहे. नाव पांढऱ्या कपड्यांसाठी. आमच्या जिल्ह्यात पुढाऱ्यांना तोटा नाही आणि पुढारी म्हटलं की सदरा पांढराच लागतो, तोही असा कडक की बसताना आवाज यावा. निवडणूक लागली की अण्णांना जेवायला फुरसत नसायची. पक्ष कुठलाही असो, खळ सगळ्यांना एकाच पातेल्यातली. हे अण्णा मोठ्या अभिमानानं सांगतात.

पण परळीत पांढरं पांढरं ठेवायचं म्हणजे जिवाला घोर. गावाला औष्णिक केंद्र, भोवती वीटभट्ट्या, रस्त्यानं राखेच्या गाड्यांची ये-जा. वारा सरळ असला तर काही नाही. उलटा फिरला की दोरीवरच्या कपड्यांवर बारीक करडी भुकटी येऊन बसते. अण्णांना ती यायच्या आधी कळतं. गालाला लागतं म्हणतात. मग ते हातातली इस्त्री उभी करतात, गळ्यातला रुमाल नाकावर ओढतात, दारात येऊन हाक देतात, "वारा फिरलाऽ, कापडं काढाऽ!" आणि आख्खी गल्ली गच्चीकडं पळते. पूर्वी सगळ्यात आधी आई पळायची. आई गेली, पण अण्णांची हाक अजून तशीच आहे.

काढून आणलेल्या कपड्यावर कण दिसला तर अण्णा अंगठ्यानं हलकेच घासून बघतात. करडी रेघ उमटली की तो कपडा परत हौदात. लहानपणी मी त्यांच्या अंगठ्याकडं बघत देवाचं नाव घ्यायचे, कारण परत धुणं म्हणजे परत पाणी आणणं आणि पाणी आणायचं काम माझं. अजूनही त्यांनी अंगठा टेकवला की माझा श्वास अडकतो.

एकदा दुकानातल्या टीव्हीवर कुठंतरी बर्फ पडताना दाखवत होते. अण्णा इस्त्री थांबवून बघत राहिले. कपडे न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "एवढं वरून पडतंय आन् कुनी दोरीकडं पळंना, बे!" तेवढंच. मी विसरून गेले. दिवाळीनंतर त्यांना डॉक्टरांकडं नेलं, तेव्हा डॉक्टर बाजूला घेऊन म्हणाले, "दम आता दरवर्षी थोडा थोडा कमीच होत जाणार ताई. फिरवायचं असेल तर आत्ता फिरवून आणा." मला वाटलं, अण्णा अंबाजोगाई म्हणतील, तुळजापूर म्हणतील. बाहेर येऊन रिक्षात बसता बसता म्हणाले, "मला बरफ बघायचाय, शके. पडलेला न्हाई, पडताना."

मी परत आत जाऊन विचारलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, पण वाट काढून दिली. मनालीच्या आसपासच्या गावात राहा, त्याच्या वर चढू नका, धाप लागली तर लगेच खाली उतरा. पुण्याचा भाऊ फोनवर उखडला. "कावून नेतीस त्यांना तिकडं? काई झालं तर?"

"इथं झालं तर तू येनार हायेस का लगेच?" मी म्हणाले. त्यानं फोन ठेवला. बोलून गेले खरी, पण त्या रात्री मला झोप आली नाही.

देवदारातलं गाव

जाण्याचा प्रवास सांगत नाही. रेल्वे ती रेल्वे आणि घाटातली बस ती घाटातली बस. सकाळी खिडकीतून पहिल्यांदा डोंगर दिसले ते मात्र सांगते. आपल्याकडं डोंगर म्हणजे बालाघाट. उन्हाळ्यात करडा, पावसाळ्यात हिरवा आणि वर चढलं की सपाट. इथं डोंगर संपतच नव्हते. मान वर केली की अजून वर होते. अण्णा बराच वेळ बघत राहिले आणि शेवटी शेंड्यांवरच्या बर्फाकडं बोट दाखवून म्हणाले, "सावलीत बघ. नीळ जास्ती पडलीया."

खरंच होतं. उन्हातला बर्फ पांढरा आणि सावलीतला निळसर. त्यानंतर मला तो नीळ घातल्यासारखाच दिसत राहिला.

मनालीच्या थोडं वर, एका गावात आम्ही कमलादीदींच्या घरी राहिलो. त्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात आणि मागं त्यांची सफरचंदांची बाग आहे. मधल्या खोलीत तंदूर. म्हणजे रोटीचा नव्हे, पत्र्याची शेगडी, धुराडं छतातून बाहेर काढलेलं. त्याच्याभोवती सगळं घर बसतं. धुराडं बघूनच अण्णा खूश झाले. "धूर बाहेर, मानसं आत. आपल्याकडं उलटं हाय."

पहिल्या संध्याकाळी दीदींनी सिड्डू केले. कणकेच्या पारीत अक्रोडाचं तिखटमिठाचं सारण भरून वाफवायचे आणि वर तूप ओतायचं. अण्णांनी एक घास घेतला, डोळे मिटले. "हे तर नागपंचमीचं दिंड हाय की! नुसतं गोडाचं तिखट केलंय." दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापली आणि जवसाच्या चटणीसोबत दीदींना दिली. चटणी त्यांनी डोळ्यांतून पाणी काढत खाल्ली आणि परत मागितली, तिथंच आमची मैत्री झाली.

पण बर्फ कुठं होता? तर नव्हता. जानेवारी संपत आलेला आणि गावात अजून कण पडला नव्हता. पर्यटक कुरकुरत होते, पण दीदींचं दुखणं वेगळं होतं. सफरचंदाच्या झाडाला हिवाळाभर थंडी लागते, अंगावर बर्फ लागतो, नाहीतर फुलोरा धड येत नाही. त्या दिवसातून दहादा अंगणात येऊन आभाळ बघत. मग वरच्या डोंगरातल्या बोगद्यापलीकडं राहणाऱ्या बहिणीला फोन करून विचारत, "उधर है क्या कुछ?" हा सूर माझ्या ओळखीचा होता. मृगात आमच्याकडं चकलांब्याच्या मामाला फोन लावतात तेव्हा अगदी असाच लागतो. इतक्या लांब येऊन मला पहिल्यांदा घरचं काही भेटलं असेल, तर ते हे आभाळाकडं बघणं.

दुसऱ्या सकाळी आणखी एक गंमत. दीदींनी रात्री बाहेरच राहिलेला नवऱ्याचा सदरा दोरीवरून काढला आणि तो हातात तसाच्या तसा उभा राहिला. बाह्या आडव्या, कॉलर ताठ. आतलं पाणी गोठलेलं. अण्णा धावलेच. सदऱ्यावर टिचकी मारली, टणक आवाज आला. "बिनखळीचा कडक! शके, बघ, बिनखळीचा!" ते घडी घालायला गेले तशा दीदी ओरडल्या, "ना बाबूजी, मोड़ना नहीं! टूट जाएगा!" दोघंही लहान पोरांसारखी हसली. मग अण्णांना ढास लागली आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं.

सोलंग

जवळच्या सोलंगच्या उतारावर आधीचा थोडा बर्फ उरला होता, म्हणून गेलो. रस्त्याकडेला दुकानंच दुकानं, भाड्यानं बर्फाचे सूट आणि गमबूट देणारी. दुकानदारानं लाल सूट अण्णांपुढं धरला. अण्णांनी तो हातात घेतला, काख उलटून बघितली, गळा हुंगला आणि विचारलं, "ये धोते क्या कबी?"

"सीज़न के बाद, अंकल."

"सीज़न कब खतम होता?"

"मार्च में."

अण्णांनी सूट दोन बोटांनी परत दिला. स्वतःच्याच स्वेटरवर आईची जुनी शाल आणि कानटोपी घालून ते बर्फाच्या कडेला खुर्चीवर बसले. मी मात्र तो सूट घातला. वास सांगत नाही.

मी शाळेत मुलींना खो-खो शिकवते. अंगात रग आहे, असा माझा समज होता. पायाला स्कीच्या लांब पट्ट्या बांधल्या आणि समज उतरला. पायांनी काय करायचं हे मला कळेना आणि पाय थांबेनात. शिकवणारा पोऱ्या मागून ओरडत होता, "मैडम, घुटना मोड़ो! आगे झुको!" मी नेमकी मागं झुकत होते. दोनदा आपटले. तिसऱ्यांदा खो मिळायची वाट बघत मुली जशा बसतात तशी बसले, गुडघे वाकवून, भार पुढं. आणि घसरत गेले ते थेट अण्णांच्या खुर्चीपर्यंत. काय सांगू, पोटातून ओरडले मी. या वयात आपल्याला असं ओरडता येतं हे मी विसरूनच गेले होते.

अण्णांनी टाळ्या वाजवल्या. मग पायाजवळचा बर्फ उचलून बघितला. घोड्यांनी तुडवलेला, टायरांनी मळवलेला, मक्याची कणसं आणि चहाचे कागदी कप त्यात रुतलेले. त्यांनी तो खाली टाकला, हात पुसले. "हा वापरलेला हाय," म्हणाले.

बोगद्याच्या पलीकडं

बोगद्यापलीकडं ताजा बर्फ पडतोय, असं कुणीतरी सांगितलं आणि अण्णांनी धोशा लावला. मी नाही म्हणाले. तिकडं आणखी उंच, म्हणून डॉक्टरांची आठवण करून दिली. त्यांनी जेवण कमी केलं. हे त्यांचं हत्यार आई असतानाही असंच होतं. शेवटी मीच ढिली पडले. चूक माझी म्हणा, हौस त्यांची म्हणा, दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी केली.

बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी बाहेर आलो आणि डोळे दिपले. सगळं पांढरं, दोन्ही बाजूंनी. पडत मात्र काहीच नव्हतं, आभाळ स्वच्छ निळं. गाडी थांबली. अण्णा दार उघडून उतरले, चार पावलं चालले आणि गाडीच्या बॉनेटला धरून उभे राहिले. खांदे वरखाली, ओठ निळे. मी पंप काढला. एकदा, परत एकदा. ते बोलत नव्हते, नुसते माझ्याकडं बघत होते. परळीत त्यांना धाप लागलेली मी कितीदा पाहिलीय, पण तिथं दवाखाना हाकेच्या अंतरावर असतो. इथं मी त्यांना मुद्दाम उचलून आणलं होतं. डोक्यात भावाचा आवाज वाजत होता आणि त्याच्यावर ओरडायला मला तोंड नव्हतं.

ड्रायव्हरनं काही न विचारता गाडी वळवली. खाली उतरता उतरता अण्णांचा श्वास जागेवर आला, तसं खिडकीतून रस्त्याकडेच्या ढिगाऱ्यांकडं बघत ते म्हणाले, "हा बी काळा झालाय. परळीच हाय ही."

आणि मी चिडले. जे पोटात होतं ते सगळं बाहेर पडलं. "बास झालं आता! परवाची गाडी उद्यावर आनते. बरफ पाहिलात, हातात घेतलात, आता घरी चला. मला तुमाला घरी न्यायचंय अण्णा, जितं." शेवटचा शब्द तोंडातून गेला तेव्हा मलाच ऐकू आला.

 अण्णा रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाले, "सगळा जलम वरून पडनाऱ्या वस्तूकडं बघून पळालो, शके. एकदा बिनपळता बघावी म्हनलं. तेवढंच हुतं." मी तोंड खिडकीकडं केलं. गाडी दीदींच्या घरी येईपर्यंत मी रडत होते आणि ते त्यांना कळलं होतं.

सदरा

निघायचा दिवस. दुपारची बस. सकाळी बघते तर अण्णा अंगणातल्या नळावर बसून आपला पांढरा सदरा धुताहेत. बोटं लाल झालेली.

"हे काय आता?"

"मळकं घेऊन घरी जायचं न्हाई. आपल्यात जात न्हाई."

हा नियम खरा आहे. आमच्या घरात कुठूनही परत येताना बॅगेत मळका कपडा येत नाही, लॉन्ड्रीवाल्याचं घर आहे. पण ऊन नाही, थंडी हाड फोडणारी, आणि असल्या हवेत कपडा वाळायला किती वेळ लागतो हे ज्याला आयुष्यभर पोटासाठी मोजावं लागलं, त्यानं नेमका जाण्याच्या दिवशी सदरा धुवावा? मी त्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडं बघायला तयार नव्हते. पिळत होते, पिळत होते.

"अण्णा, तुमी मुद्दाम करताव."

"वाळंल की. कावून वाळनार न्हाई?"

सदरा दीदींच्या चादरींशेजारी दोरीवर गेला आणि पाहता पाहता ताठ झाला. दहा वाजले, अकरा वाजले. अण्णा ओसरीत खुर्ची टाकून बसलेले, मी बॅगा बांधून दारात उभी. बस गेली तर पुढची कधी, गाडीचं तिकीट कसं वाचवायचं, सगळं डोक्यात भणभणत होतं. मी म्हणाले, ओला घेते पिशवीत. अण्णा म्हणाले, मोडंल. कमलादीदी दोघांकडं आळीपाळीनं बघत होत्या. त्यांना भाषा कळत नव्हती, भांडण बरोबर कळत होतं.

आणि अण्णांची मान वर झाली.

ती हालचाल मी ओळखते. गाल थोडा वाकडा करून त्यांनी वाऱ्याचा अंदाज घेतला. देवदार हलायला लागले होते. डोंगराचा वरचा अर्धा भाग कुठंतरी गेला होता. आणि अंगणात, दोरीच्या वर, बारीक बारीक करडे कण तरंगत खाली येत होते. आभाळापुढं ते करडेच दिसतात.

अण्णांनी रुमाल नाकावर ओढला, उठले आणि गल्लीत देतात तशी खणखणीत हाक दिली, "वारा फिरलाऽ, कापडं काढाऽ!"

विचार नाही, काही नाही. त्यांचे पाय दोरीकडं निघालेसुद्धा. आणि गंमत म्हणजे कमलादीदी त्यांच्याही पुढं पळाल्या. मराठीचा एक शब्द येत नसलेली ती बाई चादरी ओढायला लागली, कारण असं काही आभाळातून आलं की त्यांच्या गावातही कपडेच काढतात. त्या ओढता ओढता हसत होत्या, ओरडत होत्या, "बर्फ बाबूजी, बर्फ! आ गई!" अण्णांना ऐकू येत नव्हतं. त्यांनी आपला ताठ सदरा छातीशी कवटाळला होता आणि ओसरीकडं वळले होते. मधेच धाप लागली. अंगणाच्या मध्यावर ते थांबले, वाकले.

मी पंप घेऊन धावले. तोंडाशी धरला तर त्यांनी हात वर केला, थांब म्हणून. ते आपल्या स्वेटरच्या बाहीकडं बघत होते. काळ्या लोकरीवर एक कण येऊन बसला होता. मग दुसरा. अण्णांनी अंगठा उचलला आणि हलकेच त्याच्यावरून घासला.

माझा श्वास अडकला, लहानपणी अडकायचा तसाच.

रेघ उमटली नाही. लोकर थोडी ओली झाली, बास. त्यांनी दुसरा कण घासला. तिसरा. अंगठा उलटा करून बघितला, माझ्यापुढं धरला. ओला, स्वच्छ अंगठा.

"डाग न्हाई, शके," अण्णा म्हणाले. रुमालाआडून आवाज नीट येईना, म्हणून त्यांनी रुमाल खाली ओढला. उघड्यावर, वरून काहीतरी पडत असताना, उघड्या तोंडानं उभे असलेले माझे वडील मी जन्मात पहिल्यांदा पाहिले. मिशीवर बर्फ साचत होता. मी पंप दिला, त्यांनी शहाण्यासारखा घेतला. श्वास खाली बसला. मग ते सावकाश दोरीकडं गेले आणि सगळं गाव कपडे आत नेत असताना त्यांनी आपला पांढरा सदरा परत बाहेर लावला. दोन्ही खांद्यांना चिमटे, मधे एक. "राहू दे," म्हणाले. "पडू दे त्याच्यावर."

खुर्ची ओसरीच्या कडेला ओढून ते बसले. दीदी बागेत झाडाझाडापाशी जाऊन उभ्या राहत होत्या, जणू पाहुणे आले होते. मी बॅगेला टेकून खाली बसले आणि मला रडू आलं, पण हे रडणं गाडीतल्यासारखं नव्हतं. बस निघून गेली. बस गेली हे मीच अण्णांना आनंदानं सांगितलं, ते मला आठवतंय.

परळीत येऊन आता बरेच दिवस झाले. अण्णा दुकानात बसतात, पूर्वीपेक्षा कमी वेळ. गिऱ्हाइकं विचारतात, "अण्णा, कसा असतो ओ बरफ?" पूर्वी कुठं जाऊन आले की अण्णा तासभर सांगायचे. आता काहीच सांगत नाहीत. बाहीवर अंगठा घासतात, उलटा करून समोरच्याला दाखवतात. समोरचा बघतो, त्याला काही दिसत नाही. अण्णा म्हणतात, "हां. तसाच."

काल दुपारी मी दुकानात होते. अण्णांची मान वर झाली, गाल वाकडा झाला. त्यांनी इस्त्री उभी केली, रुमाल नाकावर ओढला, पण हाक द्यायला दम पुरेना. दोनदा तोंड उघडलं, आवाज आला नाही. माझ्याकडं बघितलं.

मी दारात गेले आणि हाक दिली. बाया गच्चीकडं पळाल्या.